बुरुजावरच्या दिव्याची पाळी

९ नोव्हें., जळोची
सकाळीच सोपानतात्या माझ्या सोलरच्या वर्कशॉपवर. उजनीच्या पाण्यात इंदापूरच्या काठावरून लाँच चालवतो. बुडालेल्या गावाचा बुरूज तेवढा वर आहे, त्यावरचा सोलर दिवा बंद. अंधारात बुरूज दिसत नाही, म्हणून संध्याकाळची फेरी बंद. त्याची लेक रेखा इंदापुरात नर्स, सासर पैलतीरी. "आबा म्हणत्यात, फेरी न्हाय तर नोकरी सोड." आबा म्हणजे तिचा सासरा. जातो म्हटलं.

११ नोव्हें.
बुरुजावर चढलो. गुडघे बोलले. पॅनेलवर पाणकावळ्यांच्या विष्ठेचा गिलावा, बॅटरी गेलेली. दिवा बिघडला नव्हता. उपाशी मेला.
परतताना तात्या बोलता झाला. गाव उठलं तेव्हा अर्धं ह्या काठाला बसलं, अर्धं त्या. होड्या बुरुजावर आपटायला लागल्या, मग कंदील टांगला. रॉकेलला पाळी, कॅनॉलच्या पाण्यासारखी. एक आठवडा हा काठ, एक आठवडा तो. भांडणं झाली, बोलणं बंद झालं, पाळी चुकली नाही.
"मग?"
"सोलर आला. पाळी कशाला मग? येणंजाणं बी थांबलं."

१४ नोव्हें.
पैलतीरी आबांकडं. काठाला त्यांची जुन्या इंजिनाची होडी. व्याही समोरासमोर.
आबा : "कंदील आमचा व्हता. तुमी नुसता टांगला."
तात्या : "टांगाया तुमीच चढला व्हता की. पाय लटपटलं, मग मला हाक!"
रेखा आत हसली. मी सांगितलं, बॅटरी बसवतो, पण पॅनेल पुसायची पाळी लावा, दोन्ही काठांनी.
आबा : "मिस्त्री, सोलर इकता का भांडणं?"
"एकावर एक फुकट."
चहा मिळाला. पाळीचा शब्द नाही.

२० नोव्हें.
दिवा लागला! रेखा फेरीनं घरी. तात्यानं लाँच उगाच हळू नेली. पहिला आठवडा आपल्या काठाचा. रेखा म्हणाली, "राजीनामा लिवलाय काका. दिला न्हाय अजून."

२७ नोव्हें.
आज पैलतीराची पाळी. तात्या आणि मी धक्क्यावर बसून. दुपार टळली, कुणी नाही. तात्या उठला, "मीच पुसून येतो."
"बसा. तुम्ही गेलात की पाळी मेली."
चारच्या पुढं पाण्यावरून इंजिन. तात्या म्हणे, मासेवाले. मी कान दिला. जुनं इंजिन, मधेच ठोका गिळणारं. मासेवाल्यांची नवी आहेत. आवाज बुरुजामागं गेला आणि थांबला. बंद केलं का बंद पडलं, वाऱ्यात कळेना. तात्या डोळ्यांवर हात आडवा धरून बुरुजाकडं बघतोय.
रेखाचा फोन. "काका, फेरी हाय न्हवं?"
म्हटलं, ये तू धक्क्यावर.