खांदा न देणारा प्रत्येक जण रुसलेला असतो का?

प्रिय दादा,

तुला पत्र का लिहितेय ते ऐकलंस तर हसशील. काल क्लासमध्ये माझा एक प्रश्न चुकला. तेवढ्यावरून कुणी गेलेल्या भावाला पत्र लिहितं का? पण प्रश्नच तसा होता!

हो, मी अजून महाडलाच आहे. चवदार तळ्याजवळची तीच अभ्यासिका, तीच खिडकीजवळची खुर्ची, आणि अजून परीक्षाच देतेय. नाक मुरडू नकोस.

प्रश्न असा होता. ‘संप असला की गाडी येत नाही. आज गाडी आली नाही.’ खाली निष्कर्ष दिलेला, ‘आज संप आहे.’ निघतो की निघत नाही? मी बिनधास्त ‘निघतो’ म्हणून मोकळी झाले. सर म्हणाले, “तू पोलादपूरकडची ना? तुमच्याकडे गाडी काय फक्त संपातच चुकते?” अख्खा वर्ग हसला. आपल्या घाटात दरड येते, टायर बसतो, कधी गाडी उगाचच येत नाही. कापड्याच्या फाट्यावर गाडीची वाट बघण्यात अर्धा जन्म घालवलेल्या मुलीने हा प्रश्न चुकवावा! सरांनी सांगितलं, जे असू शकतं तो निष्कर्ष नव्हे. जे असलंच पाहिजे, तो निष्कर्ष.

मला तूच आठवलास. स्पर्धा परीक्षांची ही पुस्तकं पहिल्यांदा तूच मुंबईहून आणली होतीस. ‘सर्व फुले दगड आहेत’ असं वाचून केवढा चिडला होतास! “कुठल्या येड्याने लिव्हलाय हा? फुला कधी दगड असतात काय गो?” मी म्हणायचे, पेपरात दिलंय ते खरं धरायचं असतं. तू म्हणायचास, “खोटा हाय तर खरा कशाला धरू?” आणि पुस्तक तिथेच मिटून भाताला पाणी लावायला निघून जायचास.

मग तूच माझ्यासाठी तुझ्या ऑफिसात नोकरी बघितलीस आणि मी नको म्हणाले. मला परीक्षाच द्यायची होती. “बघ तुजा तू,” एवढंच बोललास. त्यानंतर आपलं बोलणं झालं ते थेट शिमग्यात. बोलणं तरी कसलं? “कधी आलास?” “आत्ताच.”

ग्रामदेवीची पालखी आपल्या अंगणात आली तेव्हा ढोल वाजत होता, पोरं तुला हाका मारत होती. पालखी नाचवावी ती तूच, असं सगळी वाडी म्हणते. आणि तू खांदाच दिला नाहीस! फणसाला टेकून उभा राहिलास. आपल्याकडे ठरलेलंच आहे ना, घरात कुणावर रुसलेला माणूस त्या अंगणात पालखीला खांदा देत नाही. काकी लगेच कुजबुजली, “मुंबयवाला रुसलाय वाटता.” कुणावर, ते मला कुणी सांगायची गरजच नव्हती. मीही मुकाट्याने ओवाळलं आणि आत गेले. सकाळी पहिल्या गाडीने तू परत गेलास. पावसाच्या आधी अचानक तू गेल्याचीच बातमी आली.

गेलं वर्षभर मी हाच निष्कर्ष उराशी घेऊन बसलेय. माझ्यावर रागावूनच गेलास.

काल वर्गातल्या हसण्यात एकदम लक्षात आलं. रुसलेला खांदा देत नाही, हे खरं. पण खांदा न देणारा प्रत्येक जण रुसलेला असतो, असं कुठे दिलंय? दादा, हा तर तोच गाडीचा प्रश्न झाला!

तशीच खाली उतरले आणि वहिनीला फोन लावला. मुलांच्या परीक्षा म्हणून ती तेव्हा आली नव्हती. विचारलं, दादाला काही होत होतं का गं? ती म्हणाली, “दम लागायचा ह्यांना. जिना चढता चढता मधेच बसायचे. कुनाला बोलू नको म्हनायचे. शिमग्याला जाव नका बोलले, तर ऐकतायत कुठं!”

अरे, मग बोलायचं नाही का? बहिणीला एवढं परकं समजलास? मी खरंच रागावलेय तुझ्यावर. फणसाखाली तुला पाणी तरी आणून दिलं असतं.

वहिनीला पुढचंही विचारलं. तो माझ्यावर रागावला होता का? ती म्हणाली, “ता काय माहीत नाय गो बाय.” म्हणजे राग होता की नुसता दम लागला होता, की दोन्ही? मला कळायला मार्ग नाही. ‘माहिती अपुरी’ असाही एक पर्याय असतो पेपरात. मला तो कधीच आवडला नाही.

पण एवढं तर निघतंच. गाडी फाट्यावर सोडते, तिथून आपल्या वाडीपर्यंत उभा चढ. जिना न झेपणारा माणूस तो चढून आला. रागावला असशील, तर राग घेऊन चढलास. नसशील, तर तसाच चढलास. कुठूनही धरलं तरी तू घरी आलास, दादा. हे कुठल्याच सरांना खोडता येणार नाही.

शिमगा आता जवळ आलाय. मी घरी जाणार आहे. तुला शब्द देते, कुणी पालखीपासून लांब उभा दिसला तर मी मनाशी काही ठरवणार नाही. जाऊन विचारीन, “दमलास काय रे?” आणि तो काहीच बोलला नाही, तर तिथेच त्याच्या शेजारी उभी राहीन.

तुझीच,
बाय