कोपऱ्यातला उंट

रविवार, संध्याकाळ. जुळे सोलापूर.

हरलो. तेही जिंकत असताना! म्हणजे मोबाइलवरचा बुद्धिबळाचा प्रोग्राम तसं म्हणत होता.

सुनंदाबरोबरचा डाव कालपासून टेबलावर टॉवेलखाली झाकून ठेवला होता. डाव अर्धा राहिला की मधल्या वेळात मोबाइलला विचारायची आम्हा नवराबायकोत मुभा आहे. ती विचारत नाही, मी विचारतो. माझा एक उंट जास्त होता. पण तो कोपऱ्यात, माझ्याच प्याद्यांमागे कोंडलेला. दोन्हीकडची प्यादी नाकाला नाक लावून उभी, कुणालाच वाट नाही. तरी प्रोग्राम सांगतो, तुम्ही तीन प्याद्यांनी, म्हणजे अख्ख्या एका उंटाच्या किमतीनं, पुढे!

दुपारी ती म्हणाली, "बरोबरी करू की. तुमचा उंट काय बाहेर येत न्हाय."

"कशाला? मी पुढे आहे."

"कशावरनं?"

मोबाइल दाखवला. ती हसली आणि माझं डोकं फिरलं. उंटाला वाट करायला प्यादं ढकललं, मारामारी झाली, आणि उघडलेल्या वाटेनं तिचा हत्ती आत शिरला. उंट शेवटपर्यंत कोपऱ्यातच.

ज्याला हलताच येत नाही त्याची किंमत पूर्ण का धरायची? नुसता पटावर आहे म्हणून? आणि मी तरी का ऐकलं? मला तो उंट दिसत नव्हता?

आत्ता दुपारचीच मांडणी मोबाइलवर पुन्हा घालून बघितली. अजूनही मीच पुढे. तीन प्याद्यांनी.

स्वयंपाकघरातून सुनंदा विचारतेय, "काय हो, जिंकलात का आता?"