पेटीवरच्या पिल्लाचा अर्थ

प्रिय वेंग,

‘प्रिय’ सवयीने लिहून गेले. त्यातून फार काही काढत बसू नकोस, तुझ्या लिहिण्यातून लोकांनी आधीच पुष्कळ काढलंय.

कागदावरचं पत्र बघून तुला हसू येईल. पण फोनवर काही लिहिलं की कोणीतरी त्याचा फोटो काढतं आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर होतं, हे मी या तीन महिन्यांत शिकले. म्हणून हे पत्र मनिलाच्या बोटीने निघालेल्या एका ओळखीच्या बाईंच्या हाती देतेय. इकडे धक्क्याचं काम पुन्हा रखडलंय. तुमच्या घरात राहणाऱ्या लोकांनी पेरूचं झाड तोडून तिथे गाडी धुवायचा धंदा काढलाय. तुझी आई असती तर दारात उभी राहून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. तिची, नानाय सालुदची, मला रोज आठवण येते, आणि हल्ली जरा जास्तच येते, कारण एक गोष्ट आहे जी फक्त तीच सांगू शकली असती.

आपण दुकानाच्या बाकावर बसून भाड्याच्या चित्रकथा वाचायचो, आठवतं? पान उलटायच्या आधीच तू सांगायचीस की आता हा मरणार, त्याला त्याच्याच मित्राने मारलेलं असणार. मी चिडायचे, म्हणायचे, अगं जे लिहिलंय ते तरी आधी वाच. तू म्हणायचीस, लिहिलेलं काय कोणीही वाचतं. तेव्हाच मला कळायला हवं होतं की तू लेखिका होणार. मला ते कळलं नाही, आणि मी डोमिंगशी लग्न करून इथेच राहिले.

तुझा लेख आला तेव्हा सगळ्यात आधी मला अभिमान वाटला, हे तुला ठाऊक असू दे. मृतांच्या दिवसाच्या आदल्या आठवड्यात आला होता. तुझ्या थोरल्या भावाच्या, मानोंग अर्नेलच्या, समुद्रातल्या मरणावर, त्याच्या शवपेटीजवळच्या त्या नऊ दिवसांच्या जागरणावर लिहिलेला. मी तो डोमिंगला मोठ्याने वाचून दाखवला. तो उंबऱ्यावर बसून जाळं दुरुस्त करत होता. आईच्या कॉफीचं वाचलं, पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्यांचं वाचलं, मानोंग अर्नेलच्या शिट्टीचं वाचलं तेव्हा मला रडू आलं. मग ती दोन वाक्यं आली. ‘पेटीच्या काचेवर कोंबडीचं एक पिल्लू होतं. डोमिंग दाराशी उभा होता, तो आत आला नाही.’ डोमिंग म्हणाला, “खरंय की,” आणि त्याने पुढची गाठ मारली. लेखाखाली पहिलं बदामाचं चित्र माझं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेखाखाली बाजार भरला होता. मनिलाच्या कोणा प्राध्यापकाने लिहिलं होतं की पिल्लू म्हणजे गरिबी, ती मेल्यावरही आपल्याला सोडत नाही. कॅनडाच्या एका बाईंना ते पिल्लू म्हणजे आपला देश वाटत होता. मला बरं वाटलं, म्हटलं शिकलेले लोक आहेत, चालू दे त्यांचं. मग दुबईतल्या एका नर्सने लिहिलं, “अहो प्राध्यापक, देश काय नि गरिबी काय! तुम्ही कधी गावात जागरणाला बसलायत का? खून झालेल्याच्याच पेटीवर पिल्लू ठेवतात. ते काचेवर टोचायला लागलं की ज्याने मारलं त्याच्या जिवाला टोचणी लागते. आता पुढचं वाक्य वाचा की, कोण आत आला नाही ते.” तिच्याखाली हजारोंनी अंगठे उठले. वेंग, ती बाई आपल्या गावाला कधी आली नसेल. पण आपल्या माणसाला आपली चालरीत कळते, त्याला कोणी काय करणार?

त्यानंतर दोन तट पडले. एक म्हणत होता, लेखिकेला खून झाला असं म्हणायचंच नाहीये, हा शोकाचा लेख आहे, तुम्ही सगळे मालिका बघून बिघडलेले आहात. दुसरा म्हणत होता, तिने नाव घेऊन लिहिलंय, अजून काय पोलिसांत जाऊन लिहायला हवं? एकाने सरळ कबूल केलं होतं की लेख वाचलेला नाही, पण मित्रच असणार, मित्रच असतात. त्याला भरपूर हसणारी तोंडं मिळाली. कोणी तुझ्या वाक्यांचा क्रम मांडून दाखवला, कोणी म्हणालं पिल्लाच्या वाक्यानंतर तू नवा परिच्छेद केला नाहीस यातच सगळं आलं. आणि मी इथे भात उतू जाऊ देत होते आणि एकेकाला उत्तर द्यायचं की नाही ते ठरवत होते.

शेवटी मी लिहिलं. तुझ्या लेखात जे यायला हवं होतं तेच लिहिलं. की ज्या वादळात अर्नेल दोघांच्या होडीतून पाण्यात गेला, त्यात त्याला धरून ठेवायचा दोर डोमिंगच्या तळव्यांतून सुटला होता, कातडी सोलून निघाली होती, आणि अंगावर उघडी जखम असलेला माणूस प्रेताजवळ जात नाही, जखम चिघळते. हे आपल्या इथलं पोर पण सांगेल. म्हणून तो नऊ दिवस दाराबाहेर उभा राहिला, मनात पाप असतं तर घरी झोपला असता. तू स्वतः त्याच्या हातांना पट्ट्या बांधल्यास, वेंग. मला वाटलं आता सगळे गप्प होतील. तासाभरात त्या नर्सनेच लिहिलं, “म्हणजे ताई, हातावर झटापटीच्या खुणा होत्या म्हणता?” माझ्या त्या चार ओळींचा फोटो मूळ लेखापेक्षा जास्त फिरला.

पुढचं तुला कळलंच असेल, पण माझ्या तोंडून ऐक. माझ्या मुलीच्या सातवी पास झाल्याच्या जुन्या फोटोखाली लोकांनी पिवळ्या पिल्लांची चित्रं टाकली, एकाखाली एक, नुसती पिल्लं. बाजारात डोमिंगच्या टोपलीपाशी बायका थांबायच्या आणि मासा न घेता त्याच्या हातांकडे बघून जायच्या. त्याच्या बांकेवर जायला बरोबर कोणी मिळेना, आणि अशी होडी एकट्याने चालत नाही. कोणी सरळ काही बोललं नाही. मासेमार माणसं आहेत ती, त्यांना पोटदुखी होते, बायकोची आई आजारी पडते. एक दिवस आमच्या फाटकाला एक जिवंत पिल्लू दोरीने बांधलेलं सापडलं. डोमिंगने ते सोडवलं आणि शेजारच्या कोंबड्यांत नेऊन सोडलं. तो एक शब्द बोलला नाही.

हो, तो बोलत नाही हे खरं आहे. होडीत काय झालं हे त्याने मला दोनच शब्दांत सांगितलंय: लाट आली. पंचांना तेच, तुझ्या आईला तेच, पाद्रीबाबांना तेच. आणि त्याच्या आदल्या रविवारी कोंबड्यांच्या झुंजीत अर्नेल सगळ्यांसमोर त्याच्यावर हसला होता, त्याचा कोंबडा पळाला म्हणून, आणि आठवडाभर दोघांचं बोलणं नव्हतं, हेही खरं आहे. हे ऑनलाइन कोणाला माहीत नाही. मला माहीत आहे आणि तुला माहीत आहे.

मी तुला फोन केला होता. तू आधी मुलीची चौकशी केलीस. मग मी म्हटलं, एक ओळ लिही, डोमिंगचा काही दोष नाही एवढीच, नाव तूच घेतलंयस, तूच सोडव. तू शांतपणे, शिकवल्यासारखं म्हणालीस, “एस्तेल, लेख एकदा बाहेर पडला की तो माझा राहत नाही गं. अर्थ वाचकाचा.” मी विचारलं, “आणि डोमिंग कोणाचा?” लाइन तुटली, की तू तोडलीस, कळलं नाही. रात्री बघते तर तू लेखाखाली बदाम वाटत बसली होतीस. प्राध्यापकाला बदाम, कॅनडाला बदाम, डोमिंगला फाशी द्या म्हणणाऱ्यालाही बदाम. वर लिहिलं होतंस, ‘इतक्या मनापासून वाचल्याबद्दल सर्वांची ऋणी आहे.’ त्या दिवशी मला तुझा जितका राग आला तितका आयुष्यात कोणाचा आला नव्हता. नंतर ऐकलं की लेखाला बक्षीस मिळालं. समितीने म्हणे त्यातल्या संदिग्धतेचं कौतुक केलं. शब्द मला शोधायला लागला.

आता पिल्लाचं. तू पाचव्या दिवशी आलीस, आणि हे सहाव्या दिवशी दुपारी झालं. जेवणं उरकली होती, पत्तेवाले पेंगत होते. तुमच्या घराखाली कोंबडी होती आणि बांबूच्या जमिनीच्या फटींतून पिल्लं वर यायची. नानाय सालुद पेटीजवळ बसली होती. तिने वाकून एक पिल्लू उचललं आणि काचेवर, अर्नेलच्या तोंडाच्या बरोबर वर ठेवलं. मी सगळ्यांना आजवर सांगत आले की खाली मांजर आलं होतं, म्हणून तिने हात पोचेल तिथे ते ठेवलं. खूपदा सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की आता खरंच मांजर होतं, की ते मी नंतर आणून बसवलं, हे मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी ताट खाली टाकून धावले, पिल्लू ओच्यात घेतलं आणि बाहेर बघितलं, डोमिंगने पाहिलं की काय म्हणून. नानायने माझ्याकडे पाहिलं. ती मला रागावली नाही. तिने कधीच कोणावर आळ घेतला नाही. ती मरेपर्यंत दर शुक्रवारी डोमिंगने दिलेला मासा घेत होती, आणि चांगला होता असा निरोप पाठवत होती.

तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस, वेंग. तू सगळं पाहिलंस. तुझ्या लेखात पिल्लू आहे, पण ते उचलणारी मी नाही. हे माझ्या पहिल्या वाचनात ध्यानात आलं नव्हतं, तिसऱ्या-चौथ्या वेळी आलं. मग मी त्या लोकांसारखी बसले. तिने मला का वगळलं? मैत्रीण म्हणून सांभाळून घेतलं, की मी धावले यातून तिला काही समजलं होतं? बायको उगाच धावेल का? आणि हातांच्या पट्ट्या का गाळल्या, विसरली म्हणून की तिचा त्या दोरावर विश्वास नाही म्हणून? मी ती दोन वाक्यं भांडी घासताना म्हणायचे, कपडे पिळताना म्हणायचे. इकडे लोकांशी भांडत होते की असा काही अर्थ नाहीच, मूर्खांनो, तुम्हाला वाचता येत नाही. आणि फोन ठेवला की मी पण वाचायला लागायचे.

गेल्या महिन्यात एका सकाळी डोमिंग त्याच उंबऱ्यावर बसला होता. जाळ्यात आता दुरुस्त करण्यासारखं काही राहिलं नव्हतं, कोणी वापरतच नव्हतं ते, तरी तो ते मांडीवर घेऊन बसायचा. त्याने मान वर केली आणि विचारलं, “तुला काय वाटतं गं, वेंगला काय म्हणायचं असेल?” एवढ्या गोंधळात त्याने मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. उत्तर एका शब्दाचं होतं. काही नाही. किंवा पिल्लू, नुसतं पिल्लू. सगळ्या जगाला मी ते ओरडून सांगितलं होतं. पण त्याने विचारलं तेव्हा मी विचार करायला लागले. फार वेळ नाही, एखादा घोट पाणी पिण्याइतका वेळ. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग जाळं घडी करून आत ठेवलं. नंतर मी म्हणाले ते सगळं, भरभरून म्हणाले, तोही हो हो म्हणाला. दोन दिवसांनी तो पलावानला एका मोठ्या बोटीवर कामाला गेला. भांडण झालं नाही. जाताना चर्चला घालायचा शर्टही घेऊन गेला, आणि बोटीवर त्याचं काय काम हे मी विचारलं नाही. तिथून तो मुलीला फोन करतो. माझी चौकशी तिच्याकडे करतो.

म्हणून हे पत्र, वेंग. जाहीर काही लिहू नकोस, त्याची वेळ गेली. त्या लोकांना आता दुसरा लेख मिळालाय, त्यांना आपली नावंही आठवणार नाहीत. फक्त मला लिही, या बाईंच्याच हाती, दोन ओळी. तुला काय म्हणायचं होतं? ते नुसतं पिल्लू असेल तर मी पुढच्या बोटीने पलावानला जाऊन त्याचे पाय धरते आणि त्याला घेऊन येते. तुला काही माहीत असेल, अर्नेल तुला काही बोलला असेल, नानायने मरताना काही सांगितलं असेल, तर तेही लिही, मी सहन करीन आणि कोणाला सांगणार नाही. पण अर्थ तुझा तू काढ, असं तेवढं लिहू नकोस. मी काढून पाहिला.

तुझी एक वाचक,
एस्तेला