नाव नको, गाव वाच

नाना, काल मी जळगावात ड्रिल मशीन घ्यायला गेले होते. दुकानदाराने खोका पुढे सरकवला आणि मी तो आधी उलटा केला. चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. नाव जर्मन, बनावट चीनची. दुसरा मागितला, तर नाव जपानी आणि बनावट आपल्याकडची. "काकू, मोटर एकीकडची, बॉडी दुसरीकडची, जोडणी तिसरीकडे. आता कुठलं म्हणू?" तो हसला. मला ते हसणं आवडलं नाही. बिघडलं तर सुटे भाग इथे मिळतील का, असं विचारल्यावर तो जरा जास्तच पटकन "मिळतील की" म्हणाला. मी काही न घेता परत आले.

लहानपणी मला वाटायचं, तुम्ही मला कॉन्व्हेंटात याच कामासाठी घातलंत. भुसावळच्या दुकानात तुम्ही मशीन उलटं करून माझ्यापुढे धरता. "नाव नको, गाव वाच." मी शाळेतल्या उच्चारात देशाचं नाव मोठ्याने वाचते. तुम्ही वायरीचा वास घेता, लेबल नखाने उचकटतं का पाहता, आणि बहुतेक वेळा मशीन परत ठेवता. दुकानदार माझ्याकडेच रागाने बघतो.

मग लग्नानंतरचा तो दिवाळीचा दिवस. दीपनगरच्या तुमच्या क्वार्टरमध्ये आई आणि मी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी करत होतो. यांनी मोठ्या हौसेने तुमच्यासाठी ड्रिल आणलं होतं. "हाई कोठलं शे?" म्हणत तुम्ही मला बाहेर बोलावलंत. मी पिठाच्या हातांनी खोका धरला आणि वाचलं, चीन. तुम्ही हसून म्हणालात, "जावईबापू, शोभेला बरं आहे," आणि खोका माळ्यावर गेला. यांची अर्धी भाकरी ताटात राहिली. त्यानंतर यांनी तुमच्यासाठी कधीच काही आणलं नाही. मी सुचवलं की म्हणायचे, "नानांना चालेल का, आधी विचार."

तुमचं जुनं जर्मन ड्रिल तुम्ही गेल्यापासून आमच्याकडेच आहे. परवा पडद्याचा दांडा बसवताना ते जळालं. दुरुस्तीवाल्याने खोललं आणि म्हणाला, "काकू, हा चक या मशीनचा नाही. स्विचही दुसराच आहे." ड्रिलचं पातं पकडणारं ते तोंड त्याने फडक्याने पुसलं. ग्रीसखाली कोरलेलं होतं, चीन. मी लगेच त्याच्यावर संशय घेतला. "तुम्ही तर नाही ना बदललं?" तो म्हणाला, "तुमच्या डोळ्यांसमोर तर खोललं, काकू! किती वर्षांची ग्रीस आहे बघा ही." मग वाटलं, तुम्हालाच कुणीतरी फसवलं असेल. जन्मभर दुसऱ्यांच्या वस्तू उलट्या करणारा माणूस स्वतःच्या मशीनच्या बाबतीत फसला, या विचाराने मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं हसूही आलं.

काल दुकानातून रिकाम्या हाताने आल्यावर मला माळ्यावरचा खोका आठवला. तुमच्या सामानाबरोबर तो आमच्याकडे आला होता, तुमच्याच सुतळीने बांधलेला. कुणी कधी सोडला नव्हता. यांना काढायला सांगितला, तर म्हणाले, "शोभेची वस्तू ती. कशाला आता?" तरी काढला. सुतळी सोडली. आत ड्रिल होतं, पण त्याला तोंड नव्हतं. स्विचच्या जागी नुसतं भोक. काढलेले स्क्रू कागदाच्या पुडीत जपून ठेवलेले.

यांनी ते ड्रिल मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे वापरलं नानांनी." स्क्रूची पुडी पुन्हा बंद करत, माझ्याकडे न बघता विचारलं, "चांगलं होतं म्हणूनच काढलं असेल ना?"

"नाहीतर नानांनी हात तरी लावला असता का!" मी म्हटलं. रात्री ते पोटभर जेवले.

पण नाना, तुमचं मशीन अडलं असेल, दुसरं काही मिळालं नसेल, आणि हाताशी होतं म्हणून काढलं, असंही असू शकतं. मी यांना अगदी खात्रीने सांगितलं. मला ते माहीत नाही.