पाय वर केलेली बदकं

दि. १२ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखीचं नाही म्हणून पत्र बाजूला टाकू नकोस. ते छापलेलं आहे, आणि छापणारी मी. आतला मजकूरही मीच टाइप केलाय, एकेक अक्षर हुडकून. पहिल्या चार ओळींना अख्खी सकाळ गेली. आता हात बसलाय.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण ती आपल्या घराण्याची देणगी. हे गेले तेव्हा तुझा निरोप पोचला होता. उत्तर द्यायचं राहिलं. का राहिलं ते पुढे येईलच, मला जरा दम खाऊ दे.

आधी कौतुकाचं सांगते. वाचनालयाच्या वरच्या खोलीत साठी उलटलेल्यांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग निघाला. आम्ही नऊ जण. एक निवृत्त बस ड्रायव्हर आहेत, दर वाक्याला गमतीचं शेपूट लावणारे. माझी शेजारीणही आहे, तुला ती माहीत आहे, तिच्या पोटात काही राहत नाही. शिकवणारी मुलगी आपल्या लेकींच्या वयाची. सगळे तिला टीचर म्हणतात.

पहिल्याच आठवड्यात आम्ही सगळ्यांनी सेव्ह न करता मशीन बंद केली आणि दोन तासांचं काम गेलं. बाकीचे कपाळाला हात लावून बसले. मी म्हटलं, उसवायचं आणि पुन्हा घालायचं, यात मला कोण हरवणार? बसले पुन्हा पहिल्या टाक्यापासून. टीचर म्हणाली, "ताई, तुम्ही घाबरत कशा नाही?" जिने बाहीपर्यंत आलेला स्वेटर एका चुकलेल्या टाक्यासाठी उसवलाय, ती कशाला घाबरेल?

मग एक दिवस तिने चौकोनांचा कागद उघडला. एक्सेल म्हणतात त्याला. आम्ही किराण्याची यादी करायची होती. माझा हात माऊसवरच राहिला. धाकटे, ती आईची चौकडीची वही होती गं, हुबेहूब. भरलेला चौकोन म्हणजे उलटा टाका, रिकामा म्हणजे सुलटा. सही न येणाऱ्या बाईने एवढ्या अक्षरओळखीवर त्रेचाळीस नमुने लिहून ठेवले. टीचर त्याच दिवशी सांगत होती की कॉम्प्युटरला आतून दोनच गोष्टी कळतात, आहे आणि नाही. मी म्हटलं, "मग आमच्या आईला तो आधीपासून येत होता." वर्ग हसला. मी गंमत केलीच नव्हती.

मी टीचरला म्हटलं, "मला यादी नको. मला यात आईच्या नमुन्यातली बदकं भरायची आहेत. पाठ आहेत मला."

पाठ आहेत असं का म्हटलं? शेजारीण मागच्या बाकावर बसली होती म्हणून.

घरी मी एकेक ओळ चिठ्ठीवर उतरवायची, अमुक भरलेले, अमुक रिकामे, आणि वर्गात चिठ्ठी मांडीवर ठेवून चौकोनात फुल्या मारायची. नाक चिठ्ठीत, बोट बटणावर. चार दिवसांत शेवटची ओळ झाली. टीचरने सगळं लहान करून पडद्यावर एकदम दाखवलं आणि ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "ताई, ही बदकं पाय वर करून का झोपलीत?"

खोली दणाणली. मीही हसले. विणकाम खालून वर चढतं, हे यंत्र वरून खाली उतरतं. आईची पहिली ओळ मी त्याच्या पहिल्या ओळीत घातली होती. एवढंच झालं होतं.

पण ड्रायव्हरसाहेब थांबेनात. "खरं सांगा हं. पाठ असलेलं बदक कोणी उलटं काढतं का? तीस वर्षं चालवलेला रस्ता मी झोपेतसुद्धा उलटा सांगणार नाही. हे तुम्ही कुठूनतरी बघून उतरवलंय."

ते थट्टेत बोलले. शेजारणीचं हसू मात्र मध्येच थांबलं. "अगं, वही तर वाळवीने खाल्ली ना तुझी?"

मी म्हटलं, "नाही खाल्ली."

धाकटे, तुला आठवतं का विचारत नाही, आठवतच असणार. अठरा वर्षांपूर्वी तू माझ्या दारात उभी होतीस. लेकीच्या लग्नाच्या शालीसाठी तुला फक्त एकतिसावं पान हवं होतं, पानांच्या वेलाचं. मी वाळवी सांगितली. वही माझ्या पाठीमागच्या कपाटात होती, चादरींखाली. आई "दोघींची" म्हणून गेली होती. पण तुझा हात माझ्याहून साफ. तो वेल तू विणला असतास तर विणकामाला कोणी ताईचं नाव घेतलं नसतं. एवढ्यासाठी, बस्स. मग खोटं निस्तरता येईना म्हणून तुझ्या निरोपांनाही उत्तर दिलं नाही.

 दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन गेले आणि टेबलावर मधोमध ठेवली. शेजारणीने नुसती खुर्ची सरकवली, मला बसायला.

आता त्रेचाळीसही नमुने भरून झालेत, खालून एक, दोन, तीन असे आकडे घालून. ती युक्ती टीचर माझ्याकडून शिकली. फाइलचं नाव "आईची वही". पुढल्या महिन्यापासून बुधवारचा वर्ग मी घेणार आहे. सुया येतात पण कॉम्प्युटरची धास्ती आहे, अशा सहा जणी आहेत. परवा सगळ्यांनी फाइल आपापल्या घरी नेली, आणि माझ्याकडचा एक टाकाही कमी झाला नाही. हे मला आधी कळायला हवं होतं.

सोबत वही पाठवते आहे. छापील नाही, आईची. एकतिसाव्या पानाचा कोपरा मी दुमडलेला नाही, तुला ते न शोधता सापडेल. शाल मी विणली नाही, तो हात तुझा. तुझ्या लेकीला लेक आहे असं ऐकते, तिच्या मापाने टाके कमी कर. पाय वर केलेल्या बदकांचा पहिला कागदही वहीत ठेवलाय. तो फाडू नकोस.

"माफ कर" असं या पत्रात तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं, कारण तो शब्द फार स्वस्तात सुटल्यासारखा वाटला. या यंत्रावर पुसलेल्याची खूण राहत नाही, म्हणून मुद्दाम सांगते की लिहिलं होतं.

खोटं बोललेली, आणि तरी तुझीच,
ताई