आवाज न करणाऱ्या डिस्क आणि तुमचा स्क्रूड्रायव्हर

प्रिय अब्बा,

तुम्ही गेल्यानंतरचं हे पहिलंच पत्र, आणि तेही ख्यालीखुशालीचं नाही. मला तुमचा संशय आलाय. आज सकाळपासून आलाय, आणि विचारायचं तर तुम्हालाच.

आधी डिस्कचं सांगतो. लग्नांचं शूटिंग साठवायची माझी पेटी आठवते? घरातल्या दोन्ही कॉम्प्युटरांना वायरीनं जोडलेली, भोरच्या आपल्या पुढच्या खोलीत दिवसभर घरघरायची. एकदा कापूरहोळचं गॅरेज बंद करून तुम्ही घरी आलात, खिशातला लांब स्क्रूड्रायव्हर काढून टोक पेटीला लावलं आणि मूठ कानाला. ट्रकचं इंजिन ऐकायचात तसंच! "बेअरिंग बोलाय लागलंय हिचं," म्हणालात, "माल दुसरीकडं काढून ठेव." अब्बा, हा काय टेम्पो आहे का, म्हणून मी हसलो.

तुम्ही गेल्यावर दोन महिन्यांनी त्या पेटीतली डिस्क बंद पडली. लग्नं गेली त्याचं काही नाही, लोकांकडे त्यांच्या सीड्या आहेत. शेवटच्या उन्हाळ्यात भरलेली, इंजिनांचे आवाज ओळखायला शिकवणारी तुमची रेकॉर्डिंगं गेली. सीडीवर काढलेली तीन तेवढी वाचली.

म्हणून आता दोन डिस्क घेतल्या, दोन्हीत तोच माल, एक गेली तर दुसरी. अम्मी त्याच खोलीत नमाज पढते, तेव्हा आवाज न करणाऱ्याच हव्या होत्या. पुण्यातला दुकानदार म्हणाला, कमी फेऱ्यांच्या घ्या, हळू फिरतात, एकदम शांत. इतकं गोड बोलणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? मी त्या तिथंच चालू करायला लावल्या आणि तुमचा स्क्रूड्रायव्हर काढला. अख्खं दुकान बघत राहिलं. लाज वाटली, पण कान लावला. एक गप्प होती. दुसरीत मात्र जात्यात खडा आल्यासारखं काहीतरी घासत होतं. नीट पाहिलं तर स्क्रूच्या भोकांत ओरखडे! कुणीतरी वापरून परत केलेली डिस्क दुकानदार नवी म्हणून माझ्या गळ्यात मारत होता. मी ओरखड्यांवर बोट ठेवलं. त्यानं मुकाट्यानं दुसरी काढून दिली. तीही ऐकूनच घेतली.

आज त्या बसवल्या. थरथर टेबलात उतरू नये म्हणून पेटीखाली तुमच्या गॅरेजातल्या जुन्या रबरी ट्यूबचे तुकडे घातले. पेटी इतकी शांत, की अम्मीनं दोनदा विचारलं, "चालू हाय, का फसवलं तुला?"

मग वाचलेल्यांपैकी तुमचं पासली गावच्या जीपचं रेकॉर्डिंग लावलं, इंजिनातली टकटक ओळखायचं. "ह्यो टॅपेटचा आवाज. म्या सांगतो म्हनून न्हाई, सोता कान लाव." तुम्ही गेल्यावर दहादा तरी ऐकलं असेल, पण तेव्हा शेजारी जुनी डिस्क घरघरत असायची. शेवटी इंजिन बंद होतं, तुम्ही म्हणता, "ऱ्हाऊ दे आता," आणि मी कॅमेरा बंद करेपर्यंत पुढे काहीच नाही. काहीच नाही असं मी समजत होतो. आज तिथं तुमचा श्वास ऐकू आला. चढ चढून आल्यासारखा, मध्येच अडकणारा. आणि तुम्ही तर स्टुलावर बसलेले होतात.

तुम्हाला माहीत होतं ना, अब्बा? साधा फोटो काढायचा म्हटलं तरी तोंड फिरवणारे तुम्ही, त्या उन्हाळ्यात स्वतःहून म्हणालात, कॅमेरा आण, हे आवाज भरून ठेव. मला वाटलं, हौस आली. हिर्डोशीला चालत जाताना थांबलात, तेव्हा मी विचारलंही होतं. "काय न्हाई, उन्हाचं," म्हणालात आणि मी ते खरं मानलं! जन्मभर दुसऱ्यांच्या इंजिनांना कान लावणाऱ्या माणसाला स्वतःच्या छातीतलं कळलं नसेल? तुमचा राग आलाय मला. माझा त्याहून जास्त, कारण मी हातभर अंतरावर कॅमेरा धरून उभा होतो.

हे लिहीत असतानाच अम्मी पाण्याची कळशी घेऊन आली आणि चौकट धरून जरा उभी राहिली. काय झालं विचारलं, तर म्हणाली, "काय न्हाई."

उद्या सकाळच्या एसटीनं तिला डॉक्टरांकडे नेतोय. ती नको म्हणेल, चिडेलही. पण अब्बा, शब्द देतो, या घरात आता "काय न्हाई" कुणाचंही खरं मानणार नाही. आधी कान लावीन.

तुमचा,
सलीम