वूलिंग, पुन्हा कधीतरी

२ सप्टेंबर, पहाट
आजपासून रोजनिशी. निवृत्त माणसाला शिस्त नसली की तो पार्कात कबुतरांकडे बघत बसतो. मी बसणार नाही. सायकलच्या ब्रेकच्या कारखान्यात मी क्वालिटीचा साहेब होतो. काओ साहेबांच्या सहीशिवाय एक ब्रेक फाटकाबाहेर गेला नाही. अशा माणसाने आता काहीतरी मोठं केलं पाहिजे.
ठरलं. ऑक्टोबरात तीन दिवसांची राइड. पुलीहून निघायचं, वूलिंग खिंड गाठायची, सव्वातीन हजार मीटर. पलीकडे लीशान, तिथून यीलानच्या बाजूने खाली लोतुंग. पुढे मी, मागे सगळ्या जुन्या सहकाऱ्यांची रांग. कल्पनेनेच छाती भरून आली.
संकल्प: रोज पाचला उठणे. बिअर बंद. तळलेलं चिकन बंद.

४ सप्टेंबर
राइड लोतुंगला संपते याचा बीयुनशी काही संबंध नाही. रस्ताच तिथे उतरतो, त्याला मी काय करणार.
नोंदीसाठी लिहून ठेवतो: बीयुन माझी बायको. दोन वर्षांपूर्वी तिच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं, म्हणून ती लोतुंगला बहिणीकडे गेली. आई गेल्या वसंतात वारली. बीयुन अजून तिथेच आहे. म्हाताऱ्या माणसाचं सामान आवरायला वेळ लागतो. कोणी विचारलं की मी हेच सांगतो, आणि हल्ली कोणी विचारत नाही.
बहिणीची कांद्याच्या पातीच्या पोळ्यांची टपरी आहे. राइड टपरीच्या दारात संपवायची. सगळ्यांना भूक लागलेली असेल, म्हणून. बीयुनने मला रांगेच्या पुढे बघितलं की पुढचं आपोआप होईल. ती सामान बांधेल.
बिअर एकच. नियोजनाला लागते.

७ सप्टेंबर
फोनवर ग्रुप काढला. नाव: ‘काओ साहेबांची वूलिंग स्वारी’. बाराजणांनी येतो म्हणून पटापट ‘+१’ टाकलं. मला माहीत होतं. माणसांना नेता हवा असतो.
रात्री नियम पाठवले. सर्वांनी सारखी जर्सी. चारला उठणे. नेत्याला विचारल्याशिवाय फोटोसाठी थांबायचं नाही. नेत्याच्या पुढे जायचं नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, आयागाडी नाही.
हल्ली प्रत्येक टोळीमागे एक आयागाडी असते. दमलेल्यांना आणि त्यांच्या सायकलींना उचलून घेणारी. केळी, टॉवेल, गरम आल्याचा चहा, सगळे लाड. मग घरी बसून आईच्या मांडीवरच का नाही बसत? स्पष्ट लिहिलं: ज्याला आया हवी त्याने येऊ नये.
सगळ्यांनी वाचलं. उत्तर कोणाचंच नाही. विचार करत असतील.

१३ सप्टेंबर, चंद्रोत्सव
सगळी गल्ली फुटपाथवर शेगड्या मांडून मांस भाजत होती. मी ओउयांग मास्तरांकडे गेलो. शाळेतून निवृत्त झालेत, सायकल चालवतात, ग्रुपमध्ये आहेत.
मास्तरांनी एक जादा खुर्ची आणि वाडगा मांडून ठेवला होता. विचारलं तर म्हणाले, समोरच्या लिन बाईंना बोलावलंय, त्या म्हणाल्या पुन्हा कधीतरी, पण मन बदललं तर. हसून हसून माझ्या घशात कोळंबी अडकायची राहिली. एवढी वर्षं पोरांना भाषा शिकवली आणि एवढंही कळू नये? आपल्याकडे ‘पुन्हा कधीतरी’ म्हणजे ‘नको’. शेंबड्या पोराला कळतं. तोंडावर दार आपटायचं नसतं म्हणून हळूच लोटतात, इतकंच. मास्तर म्हणाले असेल तसं, पण खुर्ची ठेवायला काय जातं.
मी स्वतः हा शब्द जन्मभर वापरला. कारखान्यात माल खपवायला येणाऱ्यांना. घरीही. थंडी पडली की बीयुन दरवर्षी विचारायची, वूलिंगला बर्फ पडलाय, बघायला जाऊ या का. मी म्हणायचो पुन्हा कधीतरी. तिला बरोबर कळायचं. वाद नाही, रडारड नाही, मुकाट्याने भात वाढायची. समजूतदार बाई.
तळलेलं चिकन खाल्लं नाही. भाजलेलं खाल्लं.

१९ सप्टेंबर
ट्रेनिंगचा पहिला दिवस. दादू टेकडी. सुरुवात झकास. पायथ्याशी सोयाबीनच्या दुधाचं दुकान लागलं. शरीराला प्रथिनं हवीत. दोन वाडगे घेतले, तेवढ्यात ऊन वाढलं. उन्हात चढणं अशास्त्रीय आहे.
चढावर ब्रेक लागतच नाहीत, हा या खेळातला मूलभूत दोष आहे. माझं सगळं ज्ञान उताराचं.

२४ सप्टेंबर
जर्सी आल्या. गर्द लाल. पाठीवर ‘पुढे काओ, मागे आम्ही’. स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या खुर्चीवर खोकं ठेवलं, ती रिकामीच असते.
ग्रुपवर रोज सकाळी कमळाचं चित्र आणि सुविचार पाठवतोय. आज पहिली गळती. स्टोअरमधला चिउ म्हणतो, साहेब, कंबर धरलीय, पुन्हा कधीतरी. मग पॅकिंगवाला. मग कारखान्यातलेच एक नवराबायको. सगळ्यांचं पुन्हा कधीतरी. बत्तीस वर्षं ज्यांना वळण लावलं ती ही माणसं. सरळ नको म्हणायची हिंमत नाही. यांची लायकी तेव्हाच ओळखली होती.

१ ऑक्टोबर
ट्रेनिंग नाही. गुडघा. वादळाचा इशाराही होता, वादळ जपानकडे वळलं तरी इशारा तो इशारा.

५ ऑक्टोबर
विचित्र प्रकार. फांगने ग्रुपवर लिहिलं, ‘साहेबांना कळवलं का? ते येणार असतील तर आयागाडी लागेलच.’ लगेच मेसेज परत घेतला. पण मी वाचला होता.
फांग माझ्या हाताखाली होता. त्याने केलेलं ब्रेकचं रेखाटन मी चारचौघांत फाडलं होतं, त्याच्या भल्यासाठी. मेसेज चुकून इकडे पडला, म्हणजे यांचा दुसरा ग्रुप आहे. कंबर धरलेला चिउ, पॅकिंगवाला, ते नवराबायको, सगळे त्यात. मी नाही.
तासभर वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.
मग लक्षात आलं. मोठ्या कामात कार्यकारी समिती वेगळी असते. अध्यक्षाला बारीकसारीक गोष्टींत ओढत नाहीत.

८ ऑक्टोबर
फांगचा फोन. फार अदबीने बोलला. साहेब, आम्ही काहीजण अठराला पुलीहून निघतोय, तुम्हीही याल का. माझीच तारीख, माझाच रस्ता, आणि मलाच आमंत्रण. मी म्हटलं, येईन, आयागाडी मात्र चालणार नाही. तो म्हणाला, बरं साहेब. म्हणजे सूत्रं अजून माझ्याच हातात आहेत.
बीयुनला मेसेज केला: वीस तारखेला दुपारी येतोय, पुढे मी असेन. तिचं उत्तर आलं: जपून या. दोन शब्द, पण बघा त्यात किती आहे.

१८ ऑक्टोबर, सकाळ, पुली
सगळे देवीच्या देवळापाशी जमले. लाल जर्सी फक्त माझ्या अंगात. बाकीच्या घरी खोक्यातच आहेत, कोणी मागितल्या नाहीत.
देवीला कौल लावला. राइड माझ्या नेतृत्वाखाली पार पडेल का? लाकडाचे दोन तुकडे टाकले, दोन्ही उताणे पडले. म्हणजे देवी हसली. पुजारी म्हणाला हे उत्तर नव्हे, प्रश्न नीट विचारा. मी म्हटलं, हसली म्हणजे प्रसन्न आहे. खात्रीसाठी पुन्हा टाकले, पुन्हा हसली. एक उताणा, एक पालथा असा होकार येईपर्यंत टाकत राहिलो. मागे रांग कुरकुरत होती. यांची श्रद्धा कमीच.
लो ताई निळी व्हॅन घेऊन आल्यात. त्यांचं आमच्या गल्लीत औषधांचं दुकान आहे. म्हणाल्या, वर नातेवाइकांना गोळ्या पोचवायच्यात. मी खोलात गेलो नाही.

१८ ऑक्टोबर, दुपार
या रस्त्यावर वूशेच्या अलीकडे एक अरुंद घळ आहे, दोन्हीकडे उभे कडे. जुन्या लोकांनी तिला नाव दिलंय ‘माणूस थांबतो ती खिंड’.
मी थांबलो.
जुनी माणसं उगाच नावं ठेवत नाहीत, हे मी सगळ्यांना समजावलं. खरा चढ अजून सुरूच झालेला नाही असं फांग म्हणाला. त्याला स्थानिक इतिहासाची जाण नाही. मास्तर, वय वर्षं त्र्याहत्तर, तोंडात सुपारी, शीळ घालत माझ्या पुढून निघून गेले. नेत्याच्या पुढे. नियम चार.
मागून निळी व्हॅन आली. लो ताईंनी मागचं दार उघडलं. माझी सायकल चढवली, टॉवेल दिला. आल्याचा चहा गरम होता. मी प्यायलो. टाकून देणं वाईट.

१८ ऑक्टोबर, रात्र
व्हॅनमध्ये लो ताईंकडून कळलं. नातेवाईक वगैरे कोणी नाही. बीयुनने फोन केला होता. म्हणाली होती, ताई, त्यांना अडवू नका, ते ऐकायचे नाहीत, पण मागे गाडी ठेवा, त्यांचा गुडघा वाईट आहे. एवढंच नाही, फांगलाही तिनेच सांगितलं होतं, त्यांना सोबत घ्या म्हणून.
म्हणजे चौकशी करते! गुडघा तिच्या लक्षात आहे. कुठला, डावा, तेही सांगितलं होतं म्हणे. बाकी सगळं जाऊ द्या. लो ताईंचा चेहरा सांगताना पडलेला का होता ते कळलं नाही. बातमी आनंदाची होती.

१९ ऑक्टोबर, लीशान
लो ताईंना स्वतःची सायकल चालवायची होती, म्हणून व्हॅन मी घेतली. पाठीमागून सगळी टोळी नजरेसमोर राहते. सेनापती मागेच असतो. केळी मी वाटली. पॅकिंगवाल्याच्या पायात गोळे आले तेव्हा चोळून दिले, तो ‘थँक्यू आया’ म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. परत म्हणून बघ म्हणावं.
वूलिंगच्या माथ्यावर दगडापाशी फोटो. मी काढला. म्हणून फोटोत मी नाही. ढग खाली होते, आभाळ निळं, वारा कानात शिरत होता. बर्फ नव्हता, दिवस नाहीत त्याचे. इथे बीयुनला आणायला हवं असं मनात आलं. नेमकं तेव्हाच मागून बसवाल्याने हॉर्न वाजवला.

२० ऑक्टोबर, लोतुंग
सकाळी लीशानचे कोबीचे मळे उन्हात होते. पलीकडच्या घाटात ढग, आणि यीलानमध्ये पाऊस. यीलानमध्ये पाऊस असतोच. टोळी चिंब, चिखल दातापर्यंत.
लोतुंगच्या पुलाशी मी व्हॅन थांबवली आणि फांगला सांगितलं की इथून सायकल मी चालवणार, पुढे राहून. तो क्षणभर बघत राहिला. मग म्हणाला, बरं साहेब. स्वतः माझी सायकल उतरवली आणि सगळ्यांना मागे राहायला सांगितलं. पाऊस नेमका तेव्हाच थांबला. शेवटचे दोन चौक मी पुढे, मागे सगळी रांग. अगदी कल्पनेतल्यासारखी. कोणी मोठ्याने हसलं नाही.
बीयुन टपरीच्या दारात होती. केस कापलेत. चांगली दिसते. तिने रांगेकडे बघितलं, एकेकाला टॉवेल दिला, मास्तरांना खुर्ची दिली. मग माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि माझ्या बाहीला नुसतं बोट लावलं.
“तुमची जर्सी कोरडी आहे,” ती म्हणाली.
मी म्हटलं, कापड चांगलं आहे.
तिने मला पोळी दिली, अंडं घालून, सांगावं न लागता. सगळे खाण्यात असताना मी तिला बाजूला घेतलं. आईचं सामान आवरलं का विचारलं. म्हणाली, ते केव्हाच आवरलं. मग मी सगळं बोलून टाकलं. घरी चल. या हिवाळ्यात वूलिंगला बर्फ बघायला जाऊ, दोघंच. गाडी मी चालवीन, पाहिजे तिथे थांबू, फोटो काढू.
तव्यावरची पोळी करपत होती. तिने ती उलटली. मग माझ्याकडे बघून हसली, अगदी मायेने, आणि म्हणाली,
“पुन्हा कधीतरी.”

२१ ऑक्टोबर, घरी
परत आलो. येताना लो ताईंनीच व्हॅन चालवली. ओउयांग मास्तर उतरताना खांद्यावर हात ठेवून गेले, का ते कळलं नाही.
शांतपणे विचार केला. कधीतरी म्हणजे तारीख ठरलेली नाही, इतकाच अर्थ होतो. बीयुन शब्द तोलून वापरते. नाही म्हणायचं असतं तर नाही म्हणाली असती. आणि हसलीसुद्धा.
बर्फ साधारण जानेवारीत पडतो. जानेवारीचे रविवार मोकळे ठेवायचे.
जर्सींचं खोकं खुर्चीवरून उचलून खाली ठेवलं. खुर्ची पुसून घेतली.